ज्योत्स्ना भोळेला ये

पुण्यात हौशी नाटक करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं. ‘साडेसहाला ज्योत्स्ना भोळेला ये.’ किंवा, ‘ज्योत्स्ना भोळे मिळालं नाही रे, तारीख पुढे गेली.’ हिराबागेजवळच्या त्या सभागृहात मी गेली चार-पाच वर्षं जाते आहे. तिथे प्रयोग बघितले, प्रयोग केले, प्रयोगानंतर बाहेर चहा पीत भांडणंही केली. एवढ्या वर्षांत ते नाव माझ्यासाठी निव्वळ पत्ता होतं.

मागच्या पावसाळ्यात आमचा तिथे प्रयोग होता. लाइट्सवाला पावसात कुठेतरी अडकला होता, म्हणून आम्ही सगळे बाहेर ताटकळत बसलो होतो. ग्रुपमध्ये नवा आलेला, फर्स्ट इयरचा एक मुलगा पाटीकडे बघत म्हणाला, “ताई, या ज्योत्स्ना भोळे कोण गं?”

मी म्हटलं, “जुन्या काळातल्या नटी. गायच्या पण.”

त्याचं समाधान झालं. तो वडापाव आणायला गेला. मी मात्र त्या ‘पण’पाशी अडकले.

कारण हा ‘पण’ माझ्या ओळखीचा आहे. माझी ओळख करून देतानाही लोक तो वापरतात. ‘ही सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नाटकात असते. गाते पण.’ त्यात कौतुक असतं, आणि कौतुकाच्या मागे एक शंका असते : म्हणजे ही नक्की करते काय? पूर्वी मला त्या शंकेचा राग यायचा. आता येत नाही, कारण ती शंका मलाही आहे.

*

मी मूळची साताऱ्याची. दहाव्या वर्षापासून तिथे एका बाईंकडे गाणं शिकले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस शिकवणी. पहिलं दीड वर्ष भूप आणि फक्त भूप. माझ्यासोबत लागलेल्या चार मुली तेवढ्यात गळाल्या. बाईंनी गाण्यासाठी बँकेतली नोकरी सोडली होती, एक ठरलेलं लग्नही मोडलं होतं. हे मला त्यांच्याकडून कधी कळलं नाही, आईकडून कळलं. सोडलेल्या गोष्टींविषयी त्या बोलत नसत.

बारावीनंतर मी पुण्यात आले. शनिवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याला जायचं, दोन दिवस शिकायचं आणि रविवारी रात्री परत, असं दोन वर्षं चाललं. मग कॉलेजच्या ग्रुपने मला पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत घेतलं. भूमिका गाणारी होती. दीड महिना रोज रात्री तालीम, त्यात अर्धं गाणं आणि अर्धं ओरडणं. स्पर्धा झाली आणि पुढच्या शनिवारी मी बसलेला आवाज घेऊन बाईंसमोर गेले.

बाईंनी माझा षड्ज ऐकला आणि तंबोरा खाली ठेवला. म्हणाल्या, “हे करायचं का ते, एकदा ठरव. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला गाणं येत नसतं.”

त्या चिडल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. सरबत केलं, ते दिलं, आणि मला लवकर घरी पाठवलं. मी ‘ठरवते’ म्हणाले आणि ठरवलं नाही. पुढच्या शनिवारी परीक्षा आहे असं कळवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी ताप आला असं कळवलं. परीक्षा नव्हती आणि तापही नव्हता. असं करत करत सात वर्षं गेली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासोबत आहे. बाईंचं म्हणणं हे फक्त रियाजाचं गणित असतं, म्हणजे ‘आवाज बसेल, वेळ पुरणार नाही’ एवढंच, तर मी ते कधीच विसरले असते. पण त्यांच्या बोलण्यात ‘निष्ठा’ होती. एका गोष्टीला धरून राहणं चांगलं आणि दुसरीकडे वळणं म्हणजे काहीतरी कमीपणाचं, असा त्याचा सूर होता. तर एकनिष्ठा ही खरोखर नैतिक गोष्ट आहे का? गाणं सोडून नाटकात गेलेल्या माणसाने कुणाचं काही बिघडवलेलं असतं का? आणि असेल, तर कुणाचं?

आजकाल याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक रील सांगते, ‘तुझी एकच गोष्ट शोध आणि तिलाच घट्ट धर.’ लगेच पुढची रील सांगते, ‘एकाच कामावर अवलंबून राहू नकोस, चार गोष्टी शीक.’ दोन्ही सल्ले बाजारात काय खपेल याचे आहेत. बरोबर काय, याच्याशी दोन्हींचा संबंध नाही.

त्या रात्री प्रयोग संपल्यावर रिक्षात बसून मी फोनवर ‘ज्योत्स्ना भोळे’ असं शोधलं.

*

पहिलंच गाणं आलं ते ‘बोला अमृत बोला’. हे मी आजीकडून ऐकलेलं. ती देवघरात फुलं वाहताना गुणगुणायची, म्हणून मी ते भजन समजत होते. ते नाटकातलं पद आहे. मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’, साल 1942, संगीत मास्टर कृष्णरावांचं, राग भैरवी. त्यानंतर लागलं ‘माझिया माहेरा जा’. हे नाटकातलं नाही, भावगीत आहे. शब्द राजा बढे यांचे आणि चाल पु. ल. देशपांडे यांची. (पुलं चाली लावायचे ‘पण’. आपण त्यांना विनोदी लेखक म्हणून ओळखतो आणि बाकीचं सगळं कंसात टाकतो.) दोन्ही गाण्यांतला आवाज एकच आहे, आणि तरी दोन बायका गातायत असं वाटतं. पहिलीत मोकळा, रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा गळा. दुसरीत जवळ बसून कुणाच्या तरी कानात सांगावं तसा स्वर.

मग पुढचे काही आठवडे मी मिळेल ते वाचत आणि ऐकत गेले.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म 1914 सालचा, गोव्यातल्या बांदिवड्याचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर गायिका होत्या. दुर्गा त्यांच्याकडे मुंबईला आली. तालीम मिळाली ती आग्रा घराण्याची. ज्यांनी शास्त्रीय संगीत फारसं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते : आग्रा हे भरदार, खुल्या आवाजाचं घराणं. नोमतोमची आलापी, लयीशी खेळणं, बोल वेगवेगळ्या तऱ्हेने मांडत रागाची इमारत उभी करणं. हे गाणं सावकाश फुलतं. त्याला वेळ द्यावा लागतो, गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही.

1932 मध्ये दुर्गेचं लग्न केशवराव भोळे यांच्याशी झालं आणि ती ज्योत्स्ना भोळे झाली. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. आदल्याच वर्षी ‘आलम आरा’ आला होता आणि 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला. पडदा बोलू-गाऊ लागला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक तिकडे वळला. संगीत नाटकाचं तोवरचं जग म्हणजे पहाटेपर्यंत रंगणारे प्रयोग, वन्समोअरवर वन्समोअर घेणारी पदं आणि बहुतेक मंडळ्यांत स्त्रीभूमिका करणारे पुरुष. त्या जगाचं शिखर म्हणजे बालगंधर्व. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका आपल्या भावंडांना घेऊन रंगमंचावर आल्या होत्या, पण तो रस्ता अजून अरुंद होता.

अशा वेळी काही तरुण मंडळींनी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. 1933 च्या जुलैत त्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या : ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक. पदांची संख्या कमी झाली, लांबी कमी झाली. जी होती ती प्रसंगातून आलेली, भावगीतासारखी. संगीत केशवरावांचं होतं.

इथे मी बराच वेळ थांबले. आग्रा घराण्याची तालीम घेतलेली मुलगी, वय 19, आणि तिच्या वाट्याला आलेलं गाणं केवढं? काही मिनिटांचं. आलापी नाही, तानांची आतषबाजी नाही, कारण नाटकातली ती मुलगी त्या क्षणी तान घेणार नाही. बाईंच्या मोजपट्टीने बघितलं तर ही सरळसरळ तडजोड आहे. जे तासभर मांडता येतं ते तीन-चार मिनिटांत उरकलं.

पण मी ‘बोला अमृत बोला’ पुन्हा पुन्हा ऐकलं तेव्हा मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. सुरावर येऊन थांबण्याची जागा, शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा याची खात्री. ही खात्री तीन मिनिटांचं गाणं गाऊन येत नाही. तासभराची तयारी असलेला माणूसच तीन मिनिटं इतकी निवांत गाऊ शकतो. म्हणजे तालीम कुठे गेलेली नव्हती. ती दिसत नव्हती, एवढंच.

*

पुढची त्यांची वाट बघा. ‘नाट्यमन्वंतर’ फार वर्षं टिकली नाही. 1941 मध्ये रांगणेकरांनी ‘नाट्यनिकेतन’ काढली आणि 1942 च्या ‘कुलवधू’मधली भानुमती ज्योत्स्नाबाईंनी केली. ती भूमिका आणि तिची पदं घरोघर पोचली. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’मध्ये त्या गायल्या. भावगीतं गायली, रेडिओवर गायल्या, पुढे ‘आराधना’ नावाचं नाटक स्वतः लिहिलं. 1976 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2001 मध्ये त्या गेल्या. शास्त्रीय गायिका, नटी, नाट्यगीत गाणारी, भावगीत गाणारी, नाटककार. कुठल्याही एका खणात हे आयुष्य बसत नाही.

हे वाचून मला पहिल्यांदा काय झालं सांगू? आनंद. बघा, दोन्ही डगरींवर हात ठेवूनही येतं गाणं! मी मनातल्या मनात साताऱ्याला पोचले, बाईंच्या ओटीवर उभी राहिले आणि ज्योत्स्नाबाईंना माझ्या बाजूने साक्षीला उभं केलं.

मोठ्या माणसांचं आपण नेहमी हेच करतो. त्यांचं आयुष्य समजून घ्यायच्या आधी आपल्या खटल्यात साक्षीदार म्हणून त्यांना उभं करतो. पण ज्योत्स्ना भोळे माझ्या बाजूने साक्ष देत नाहीत. त्यांच्या हातात आधी काहीतरी होतं आणि ते त्यांनी पुढच्या कामात नेलं. मी काय नेलं? बसलेला घसा. त्यांनी चार गोष्टी केल्या म्हणून माझ्या चार अर्धवट गोष्टी पूर्ण होत नाहीत. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण कुणाच्या उदाहरणाने खोटी ठरत नाही. आपल्या हातातल्या चिंध्या आपल्यालाच मोजाव्या लागतात.

तेव्हा माझा हा पहिला युक्तिवाद मी मागे घेतला.

*

तरीही प्रश्न संपत नाही, कारण दुसऱ्या बाजूचाही एक युक्तिवाद तपासायला हवा. एकनिष्ठेची अपेक्षा आपण सगळ्यांकडून सारखी करतो का?

केशवराव भोळे यांचंच बघू. नाटकाला संगीत दिलं. मग ‘प्रभात’मध्ये ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा चित्रपटांना संगीत दिलं. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ अशा टोपणनावांनी गायकांवर टीकालेखन केलं. एका माणसाने दोन टोपणनावं घेतली तरी त्याला आपण ‘व्यासंगी’ म्हणतो. ‘नक्की काय करतात?’ असं त्यांच्याविषयी कुणाला वाटत नाही. त्यांच्या पत्नीविषयी सांगताना मात्र माझ्याच तोंडून सहज ‘गायच्या पण’ निघून गेलं, आणि मी स्वतःला शहाणी समजते.

गंमत म्हणजे ज्या नाटकातून त्या पुढे आल्या त्याचा गाभा हाच होता. ‘आंधळ्यांची शाळा’ हे ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून केलेलं. मूळ नाटकातली मुलगी आपल्या भावी नवऱ्याला विचारते ते थोडक्यात असं : लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अपेक्षा माझ्याकडून आहे, तीच तुझ्याकडून का नाही? निष्ठा ही चांगली गोष्ट असेल तर तिचं माप दोघांना एकच हवं. एकाने पाळायची आणि दुसऱ्याने फक्त मोजायची, ती निष्ठा नव्हे, पहारा.

आणि ‘कुलवधू’? त्यातली सून घरासाठी सिनेमात काम करू लागते. तिचं नाव होतं, आणि नवऱ्याच्या मनात गाठ बसत जाते. घराला तिचे पैसे हवे असतात, तिचं मोठेपण झेपत नाही. आजी देवघरात गुणगुणायची ते गाणं अशा नाटकातलं होतं. आजी स्वतः शिवणकाम करायची, मुलांच्या शिकवण्या घ्यायची, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. तिच्या या सगळ्याला घरात कुणी कधी ‘करिअर’ म्हटलं नाही. ‘आजी काही ना काही करत असते’ एवढंच म्हणायचे.

इथून मला ‘अष्टपैलू’ या शब्दाचाच संशय येऊ लागला. कुणी खूप वेगवेगळी कामं केली की आपण हा शब्द शालीसारखा त्यांच्या खांद्यावर टाकतो. पण वेगवेगळी कामं लोक का करतात? कधी आवडीने, कधी कुतूहलाने, आणि पुष्कळदा पहिलं काम बंद पडलं म्हणून. बोलपट आले तेव्हा मंडळ्यांतले कितीतरी नट, साथीदार, पडदे रंगवणारे जिथे काम मिळेल तिथे गेले. त्यांचं ‘वैविध्य’ हा निवडीचा प्रश्न नव्हता, भाकरीचा होता. माझा एक मित्र दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, संध्याकाळी मुलांना तबला शिकवतो आणि रात्री आमच्या नाटकाचं साउंड ऑपरेट करतो. त्याला ‘किती मल्टी-टॅलेंटेड आहेस’ म्हटलं की तो म्हणतो, “तीनपैकी कुठल्याही एकाने भाडं भागलं ना, तर उद्या एकनिष्ठ होतो.”

म्हणजे एकनिष्ठा परवडावीही लागते. माझ्या बाईंनी नोकरी सोडली तेव्हा त्यांना राहायला वडिलांचं घर होतं. हे त्यांच्या त्यागाला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. पण ज्याला ते घर नाही त्याच्या निष्ठेत खोट आहे, असं म्हणण्याआधी थोडं थांबलं पाहिजे.

*

मग एकनिष्ठा हा नुसता डोलारा आहे का? तसंही नाही. आणि ते पटवून देणारा माणूसही याच रंगभूमीवर आहे.

जयमाला शिलेदार. जन्म 1926 चा, ज्योत्स्नाबाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. 1949 मध्ये जयराम शिलेदारांसोबत पुण्यात त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. संगीत नाटकाचे सोन्याचे दिवस तेव्हा सरले होते. जी वाट ‘नाट्यमन्वंतर’ने मागे टाकली होती, त्याच वाटेवर हे कुटुंब उभं राहिलं आणि पन्नास-साठ वर्षं हललं नाही. ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, पुन्हा ‘सौभद्र’. गावोगावी प्रयोग, मुली त्याच कामात, पुढे कीर्ती शिलेदारांनी तीच धुरा 2022 मध्ये जाईपर्यंत वाहिली. जयमालाबाईंना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

ज्योत्स्नाबाई नव्याकडे गेल्या, जयमालाबाई जुन्यापाशी थांबल्या. मला या दोघींना तराजूत घालायचा मोह झाला. कोण जास्त निष्ठावान? बरेच दिवस मी हा प्रश्न डोक्यात घोळवला आणि शेवटी लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा आहे. ‘सौभद्र’ आज कुणी रंगवू शकतं, कारण कुणीतरी थांबलं. मराठी नाटकात बाईने आपल्या आवाजात, प्रसंगाला शोभेल एवढंच गाणं आज नवलाचं वाटत नाही, कारण कुणीतरी पुढे गेलं. थांबणं ही निष्ठा असू शकते आणि जाणं हीसुद्धा. तसंच, थांबणं हा आळस असू शकतो आणि जाणं ही पळवाट.

बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त माणूस किती ठिकाणी दिसला हे मोजता येतं. म्हणून आपण मोजतो.

शिवाय त्या ‘पण’चं मूळही मला इथेच सापडलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. तेव्हापासून आपण ‘संगीत सौभद्र’ असं म्हणतो. संगीत आणि नाटक, मध्ये काही नाही. गाणारा नट आणि नट असलेला गवई, ही एकच व्यक्ती. या परंपरेत गाणं आणि अभिनय हे दोन डगरी नव्हतेच, एकाच रांजणाचा तो काठ होता. वाटणी आपण नंतर केली, आणि मग जे एकत्रच होतं त्याला ‘पण’ लावून जोडत बसलो.

*

तर मग माझं काय चुकलं? काही चुकलं होतं एवढं नक्की, नाहीतर सात वर्षं एसटी स्टँडवरून जाताना मी साताऱ्याच्या फलाटाकडे पाठ केली नसती.

मी नाटकात गायले हे चुकलं नाही. घसा बसला हे चुकलं, पण ते अडाणीपणाचं चुकणं होतं, आठ दिवसांत बरं झालं. माझी चूक त्या दोन निरोपांत होती. परीक्षा आणि ताप. ज्या बाईंनी मला दीड वर्ष भूपाचा गंधार खरा लावायला शिकवलं, त्यांना मी खोटा निरोप पाठवला. मी समोर जाऊन ‘बाई, मला नाटक करायचंय, गाणंही सोडवत नाही, काय करू?’ एवढं म्हणाले असते तर कदाचित त्या रागावल्या असत्या, कदाचित शिकवणं बंद केलं असतं. पण तो आमच्या दोघींमधला खरा क्षण झाला असता. मी त्यांना तो मिळू दिला नाही.

आता मला वाटतं की निष्ठा ही कामाच्या संख्येवर ठरत नाही. एक काम की चार, हा स्वभावाचा, पोटाचा आणि नशिबाचा प्रश्न आहे. निष्ठेच्या कसोट्या दोनच, आणि त्या साध्या आहेत. पहिली : आधीच्या ठिकाणी जे शिकलात ते पुढच्या ठिकाणी सोबत नेलंत का, की दारातच टाकून गेलात? दुसरी : जिथून निघालात तिथे निघतो असं सांगून निघालात का?

पहिल्या कसोटीवर ज्योत्स्ना भोळे यांची गाणी अजून उभी आहेत, फोनवर कुणालाही ऐकता येतात. मी पहिलीत जेमतेम काठावर आहे. दुसरीत नापास.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मी पहाटेची एसटी पकडली. फोन केला नव्हता, कारण फोनवर मी पुन्हा काहीतरी कारण सांगितलं असतं. बाईंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेत. “ये,” म्हणाल्या. आतल्या खोलीत एक छोटी मुलगी भूप घोकत होती. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं : तेव्हा परीक्षा नव्हती, ताप नव्हता, मला भीती वाटत होती.

बाई म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळलं होतं. परीक्षेचा निरोप ऑगस्टात आला होता.”

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आतली मुलगी गंधार चुकवत होती. बाईंनी तिला इथूनच दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जा, दाखव तिला.”

मी दाखवला. पहिल्यांदा मलाही नीट लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

निघताना मी त्यांना सांगितलं की नाटक मी सोडणार नाही. रविवारी शिकायला येईन, चालत असेल तर. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. “आवाज बसवून आलीस तर परत पाठवीन,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात आमचा प्रयोग आहे. त्यात माझं एक गाणं आहे, अडीच मिनिटांचं. बाईंना कळवलंय. येतील की नाही माहीत नाही. निरोप पाठवताना मी सवयीने लिहिलं, ‘साडेसहाला ज्योत्स्ना भोळेला या’. मग त्यांना सभागृह कळणार नाही असं वाटून पूर्ण पत्ता लिहायला घेतला.

तेवढ्यात त्यांचं उत्तर आलं : ‘लहानपणी त्यांना ऐकलंय. काय गायच्या!’